विनाशिकेपुढे सबुरी

शिर्डीत पाणबुडी चालवायची तर पहिली अडचण पाण्याची येते. मुंबईचा समुद्र रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गोदावरी त्यामानाने जवळ, पण ती कोपरगावला, आणि उन्हाळ्यात तिच्यात म्हैससुद्धा नीट बुडत नाही. राहिला कालवा. त्याला पाणी कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि बैठक कधी होणार हे कोणालाच ठरवता येत नाही. म्हणून मी माझी पाणबुडी लॉजच्या काउंटरवर ठेवली आहे. गेस्ट रजिस्टर, खोल्यांच्या किल्ल्या आणि बाबांच्या तसबिरीपुढची उदीची वाटी यांच्यामध्ये जो जुना संगणक आहे, त्यात अख्खा अटलांटिक महासागर मावतो.

लॉज आमचं छोटं. मंदिरापासून चालत दहा मिनिटं. पाटीवर पाच लिहिलंय. रात्री शेजारती झाली की भाविक झोपतात आणि काकड आरतीच्या रांगेसाठी मध्यरात्रीनंतर एकेक करून उठायला लागतात. मधल्या वेळात मालकाने जागं राहायचं, कारण रात्रीच्या गाडीने येणारा पाहुणा अकराला ‘पोचलोच’ म्हणतो आणि अडीचला ‘मनमाड सोडलं’ म्हणतो. अशा वेळी कुणी नामस्मरण करतं, कुणी मोबाइलवर रील बघतं. मी इंग्लंडकडे निघालेली धान्याची जहाजं अडवतो.

गेमचं नाव सायलेंट हंटर ३. युबिसॉफ्ट कंपनीच्या रुमानियातल्या मंडळींनी तो २००५ मध्ये काढला. आमचा संगणकही त्याच पिढीतला, त्यामुळे दोघांचं जमतं. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत तो बसवून दिला आणि स्वतः पुण्याला शिकायला निघून गेला. गेममध्ये तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान. बोट बहुतेक वेळा टाइप सात-सी. पाण्यावर सतरा नॉटच्या वर पळणारी, पाण्याखाली मात्र जेमतेम साडेसात. पुढे ४ नळ्या, मागे १, टॉर्पेडो एकूण १४. माणसं पन्नासच्या आतबाहेर आणि संडास दोन, त्यातलाही एक सफरीच्या सुरुवातीला शिध्याने गच्च भरलेला. युद्धाच्या इतिहासात भयंकर गोष्टी पुष्कळ आहेत, पण लॉजवाल्याच्या अंगावर काटा आणणारी ही एकच.

आमच्या हिचा आक्षेप वेगळा आहे. ती म्हणते, “बाबांच्या गावात राहून हिटलरच्या बोटी कसल्या चालवता?” मी सांगतो, मी हिटलरसाठी लढत नाही, बोट बुडू नये म्हणून लढतो. त्यावर ती विचारते, “पाणबुडी बुडू नये म्हणून?” इथे चर्चा संपते. तसं तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या बोटींवर गेलेल्या सुमारे ४० हजार माणसांपैकी जवळपास ३० हजार परत आली नाहीत. ज्या बाजूने चारातले तीन बुडाले, ती बाजू रात्री जागून निवडणाऱ्या नवऱ्याच्या व्यवहारज्ञानाबद्दल बायकोला शंका येणारच.

मालवाहू जहाज बुडवणं हे काही शौर्याचं काम नाही. ते बिचारं सरळ रेषेत, रिकाम्या एसटीसारखं खडखडत जात असतं. खरा खेळ विनाशिका आल्यावर सुरू होतो. ही बाई लांबुडकी, अरुंद आणि तिसाच्या वर नॉटने पळणारी. पोटाखाली अ‍ॅस्डिक नावाचं यंत्र. ते पाण्यात ‘टिंग’ असा आवाज सोडतं आणि तो कुठे आपटून परत येतो ते ऐकतं. पाठीवर डेप्थ चार्जची पिंपं. पिंप ठरलेल्या खोलीवर पोचलं की फुटतं. टाइप सात-सीच्या कप्तानाला वरून आधी पंख्याची घरघर ऐकू येते, मग टिंग, मग पुन्हा टिंग. दोन टिंगांमधलं अंतर कमी होऊ लागलं की कप्तानाला घरच्यांची आठवण येते.

नवशिका कप्तान अशा वेळी लढायला जातो. तिथेच त्याची कारकीर्द संपते. विनाशिकेशी लढण्याचा पहिला नियम म्हणजे लढू नये. तिचं वजन हजार-दीड हजार टन, आणि बक्षिसं मोजली जातात बुडवलेल्या टनांवर. दहा हजार टनांचा तेलवाहू सोडून हिच्यामागे टॉर्पेडो घालवणं म्हणजे चोराला सोडून त्याच्या कुत्र्यावर खटला भरणं.

दुसरा नियम, अंग चोरावं. टिंग तुमच्या लांब कुशीवर आपटला तर खणखणीत परत जातो. नाकावर किंवा शेपटीवर आपटला तर फुसका जातो. म्हणून विनाशिकेकडे कायम तोंड करावं किंवा पाठ, आडवं कधी होऊ नये. तिसरा नियम, गप्प बसावं. झेडची कळ दाबली की बोट मौनात जाते. दुरुस्ती बंद, नळ्यांत टॉर्पेडो भरणं बंद, खलाशी कुजबुजत बोलतात, पंखा इतका हळू फिरतो की बोट दोन-तीन नॉटच्या वर सरकत नाही. एकदा ऐन मौनात आमच्या गल्लीतली वीज गेली आणि काउंटरखालचा यूपीएस टीं-टीं करू लागला. मी जागच्या जागी गारठलो आणि जिन्यावरून बादली घेऊन उतरणाऱ्या पोऱ्याला हातानेच ‘हलू नको’ असं खुणावलं. तो बराच वेळ एका पायावर उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, “मालक, दोनशे तीनला गरम पाणी पाहिजे.” मी त्याच्याच आवाजात सांगितलं, “खोल पाण्यात गेल्यावर बघू.”

चौथा नियम हिशेबाचा आहे आणि त्यातच सगळी गंमत आहे. अ‍ॅस्डिकचा झोत पुढे आणि तिरका जातो. विनाशिका तुमच्या अगदी डोक्यावर आली की तुम्ही त्या झोताखालून निसटता. जितके खोल, तितके लवकर निसटता. म्हणजे पिंप टाकण्याच्या नेमक्या क्षणी टाकणारा आंधळा असतो. आणि पिंपसुद्धा काही विजेसारखं पडत नाही. जुनी पिंपं सेकंदाला साधारण ३ मीटर बुडायची. तुम्ही १५० मीटरवर असाल तर ५० सेकंद मिळतात. त्या ५० सेकंदांत इंजिन पूर्ण वेगात सोडलं आणि सुकाणू एका बाजूला फिरवलं, तर बोट दीडशे-पावणेदोनशे मीटर बाजूला जाते. पिंपाने बोट फोडायची तर ते सहा-सात मीटरच्या आत फुटायला लागतं. बाकी सगळा दणदणाट. दिवे फुटतात, बोल्ट उडतात, खलाशी आई-बाप आठवतात, पण बोट राहते. शिवाय स्फोटांनी पाणी इतकं घुसळून निघतं की पुढची काही मिनिटं अ‍ॅस्डिकलाही काही ऐकू येत नाही. त्या गोंगाटात पळून घ्यावं, आणि गोंगाट शमला की पुन्हा मौन.

विनाशिकेच्या शेपटीमागेही ती बहिरी असते, कारण तिथे तिच्याच पंख्यांचा कल्लोळ. मोठ्याच्या मागच्या बाजूला लहानाला जागा असते, ही अक्कल जर्मनांच्या आधी कोकणात होती. मराठ्यांची गलबतं आणि गुराबा युरोपियन जहाजावर चालून जायच्या त्या त्याच्या मागून, कारण त्याच्या तोफा दोन्ही कुशींना. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारीच्या हाताखाली खांदेरी बेट बांधायला घेतलं, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं बेटाला वेढा घालून बसली. आमच्या उथळ, अरुंद होड्या रात्री त्यांच्या मधून रसद नेत राहिल्या. इंग्रजांनी शेवटी १६८० च्या सुरुवातीला तह केला. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि २०१९ मध्ये नौदलात आलेली पाणबुडी ‘खांदेरी’ या नावाची आहे, ते उगाच नाही.

आता हे सगळे डावपेच शिर्डीच्या माणसाला नवे वाटायचं कारण नाही. आमच्याकडे पॉलिशवाले आहेत. बाहेरगावची गाडी साकुरीच्या किंवा सावळीविहीरच्या बाजूने गावाकडे आली की एक मोटरसायकल तिच्या बाजूला लागते. मागे बसलेला हसून विचारतो, “पार्किंग पाहिजे का? दर्शन लवकर करून देतो. या माझ्यामागे.” मग गाडी एका दुकानासमोर थांबते आणि तिथे हार, नारळ, पेढे, चादर असं ताट भरलं जातं. ताटाची किंमत ऐकून भाविकाला जागेवरच साक्षात्कार होतो. पोलीस अधूनमधून धरपकड करतात, तेवढे दिवस मोटरसायकली लांबून चालतात. आमच्यासारख्यांना कुणी विचारत नाही. आमच्या गाडीला एमएच-१७, श्रीरामपूरची पाटी. ती पाटी म्हणजे पाण्याखालचं मौन. त्यांना आम्ही दिसतच नाही.

खोली बुक करणाऱ्या पाहुण्यांना मी आता व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवतो. काचा वर ठेवा. गाणी बंद करा. गाडीचा वेग वाढवू नका, कमीही करू नका. तो बाजूला आला तर नजर समोर. “आमची रूम बुक आहे,” हेसुद्धा सांगू नका, कारण तोंडातून शब्द गेला की तुमचा पत्ता लागला. “नको” म्हणाल तर त्याला दिशा कळली, “किती घेता?” म्हणाल तर अंतरही कळलं. आणि मुख्य म्हणजे घाबरू नका, त्याच्याकडे वेळ नाही. मागून दुसरी गाडी येतेय, तिला सोडून तो तुमच्यामागे किती फिरणार?

हीच तर विनाशिकेचीही खरी दुखरी नस. तिला पाणबुडी मारायला पाठवलेलं नसतं, जहाजांचा तांडा सुखरूप न्यायला पाठवलेलं असतं. तांडा पुढे चालला आहे. आपण इथे गोल-गोल फिरत राहिलो तर तिकडे दुसरी पाणबुडी त्याला गाठील. मग अर्ध्या-पाऊण तासाने ती तोंड फिरवते आणि निघून जाते. तुम्ही तिला हरवलेलं नसतं, तिला उशीर झालेला असतो. त्यामुळे १९४० मधला कप्तान हुशार कमी आणि चिवट जास्त असला तरी चालतं.

आमच्या गावात भिंत दिसली की तिच्यावर दोन शब्द लिहिलेले असतात, श्रद्धा आणि सबुरी. पाणबुडीवाल्याने यातला दुसरा जरूर घ्यावा. पहिला निदान टॉर्पेडोच्या बाबतीत घेऊ नये. अमेरिकनांनी घेतला आणि फसले. त्यांचा मार्क १४ नावाचा टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा दहाएक फूट खालून जायचा, कधी वाटेतच फुटायचा आणि अगदी काटकोनात नीट आपटला तर हटकून फुटायचा नाही. जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने एका मोठ्या जपानी जहाजाला आधी थांबवलं आणि मग थांबलेल्या जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले. ते ठण्ण करून आपटायचे आणि बुडून जायचे. कप्तानाने शेवटचा टॉर्पेडो न मारता परत आणला, नीट तपासून घ्या म्हणून. किराणा दुकानात निघालेला खराब माल परत नेतात तसा. मग अमेरिकनांनी हवाईच्या एका बेटावर कड्याला टॉर्पेडो मारून पाहिले, तेव्हा दोष खरा हे दफ्तरी मान्य झालं. १९४४ मध्ये टँग या पाणबुडीचा टॉर्पेडो तर समुद्रात गोल फिरून तिलाच येऊन लागला. ज्याच्यावर श्रद्धा ठेवली, त्याने घरी येऊन पाया पडावं, तसं.

तरीही विनाशिकेला समोरून भिडणारे वीर झालेच. सॅम डीली हा अमेरिकन कप्तान त्यातला मोठा. जून १९४४ मध्ये तावी-तावी बेटांजवळ त्याच्या हार्डर पाणबुडीने उलटा कायदा केला. विनाशिका अंगावर धावून येत असताना पेरिस्कोप वर ठेवायचा, ती हजारेक मीटरच्या आसपास येईपर्यंत थांबायचं आणि सरळ तिच्या तोंडात टॉर्पेडो सोडायचे. ती सरळ आली तर नाकावर बसतो, चुकवायला वळली तर आख्खी कूस मिळते. त्याने त्या गस्तीत पाच विनाशिका मारल्याचं कळवलं. युद्धानंतरच्या मोजणीत आकडा घटला, तरी मिनाझुकी, हायानामी आणि तानिकाझे या तीन नक्की. दोन महिन्यांनी, २४ ऑगस्टला, लुझोनजवळ हार्डर सगळ्या माणसांसकट गेली. डीलीला मरणोत्तर सर्वोच्च पदक मिळालं. हा डाव गेममध्ये करता येतो, फार छान वाटतं, आणि बहुतेक वेळा नंतर गेम पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

एका रात्री असाच डाव लावून बसलो होतो. विनाशिका अंगावर येतेय, मी श्वास रोखलाय, आणि मागून कोणीतरी म्हणालं, “आता मार. वळली.” वळून पाहिलं तर आदल्या संध्याकाळी आलेले देवगडकडचे काका. पांढरी बंडी, गळ्यात मफलर, हातात रिकामी पाण्याची बाटली. झोप येत नाही म्हणून खाली आले होते. मी घाईत टॉर्पेडो मारले, ते तिच्या मागून गेले. काका म्हणाले, “उशीर केलास. आणि ती तशी वळणार नाही. तुमच्या गेमवाल्यांना आमच्याबद्दल फार कमी आदर आहे.”

आमच्याबद्दल म्हणजे? तर काका नौदलातून निवृत्त. पाणबुडीवर नव्हे, पाणबुड्या शोधणाऱ्या जहाजावर, सोनारच्या खोलीत. म्हणजे मी इतके महिने ज्यांच्यापासून लपत होतो, त्यांच्यातला एक माझ्याच लॉजमध्ये, माझ्याच मागे उभा होता आणि त्याने आगाऊ भाडंही दिलं होतं. मी खुर्ची पुढे सरकवली आणि पोऱ्याला चहा टाकायला सांगितला.

काकांनी सांगितलं की पडद्यावरची विनाशिका मूर्ख दिसते, कारण तिच्या आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. आत एक पोरगं कानाला हेडफोन लावून बसलेलं असतं आणि समुद्र त्याला खोटं सांगत असतो. वरचं पाणी गरम, खालचं थंड. आवाज त्या दोघांच्या सीमेवर वाकतो. पाणबुडी त्या सीमेखाली गेली की टिंग तिच्या डोक्यावरून निघून जातो. “आणि दुपारी तर विचारूच नको,” काका म्हणाले. “उन्हाने वरचा थर तापला की सोनारला लांबचं ऐकू येईना.” १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाला हाच अनुभव आला. सकाळी नीट ऐकणारं यंत्र दुपारी ऐकेना, तेव्हा आधी संशय यंत्र चालवणाऱ्यांवर गेला की जेवून पेंगतात. मग वुड्स होलच्या शास्त्रज्ञांनी पाण्याचं तापमान मोजलं आणि माणसं निर्दोष सुटली. काका म्हणाले, “आमच्यातले पेंगायचे तो भाग वेगळा.”

मग मी नको तो प्रश्न विचारला. विचारलं की खरोखर कधी पाणबुडीशी गाठ पडली होती का. काका थोडा वेळ चहा ढवळत राहिले. म्हणाले, मी भरती झालो १९७१ नंतर. पण आम्हाला शिकवणाऱ्यांचे मित्र खुकरीवर होते. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. खुकरी पाणबुडी शोधायलाच बनवलेली होती. पुढचे काही दिवस आपण हंगोरला शोधत राहिलो, ती निसटली. त्याच युद्धात विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी बुडाली, आपल्या राजपूत या विनाशिकेने डेप्थ चार्ज टाकले होते. “एक हिशेब इकडे, एक तिकडे,” काका म्हणाले. “तू खाली बसून म्हणतोस की वरची बाई मला मारायला आलीय. वरची बाई म्हणत असते की खालच्याने मला आधीच पाहिलंय.” पडद्यावर विनाशिका अजून फिरत होती. मी गेम थांबवला. काकांनी तो पुन्हा सुरू करायला लावला, कारण त्यांना मला धडा द्यायचा होता.

धडा वॉकर नावाच्या ब्रिटिश कप्तानाचा होता. १९४३ पर्यंत विनाशिकांना तांड्याकडे परतायची घाई असायची, म्हणून पाणबुड्या वाचायच्या. मग ब्रिटिशांनी काही जहाजं तांड्यातून मोकळी केली आणि सांगितलं, तुम्हाला दुसरं काम नाही, एक पाणबुडी सापडली की ती संपेपर्यंत तिच्यावर बसा. फ्रेडरिक वॉकरचा दुसरा सपोर्ट ग्रुप त्यातला नामांकित. १९४४ च्या सुरुवातीला एकाच सफरीत त्याने सहा पाणबुड्या बुडवल्या. दुसऱ्या एका गटाने यू-३५८ चा पाठलाग ३८ तास केला. आतली हवा संपत आली तेव्हा तिला वर यावंच लागलं, तरी जाता जाता तिने एक ब्रिटिश जहाज घेतलं. “तू म्हणतोस त्यांच्याकडे वेळ नसतो,” काका म्हणाले. “ज्याला वेळ दिला, त्याच्यापुढे तुझी खोली, तुझं मौन, काही चालत नाही.” वॉकर स्वतः मात्र जुलै १९४४ मध्ये अतिश्रमाने गेला. इतकी सबुरी माणसाला सोसत नाही.

आणि वॉकरची खरी चाल अशी की हल्ला करणारं जहाज टिंग करतच नाही. एक जहाज लांब उभं राहून टिंग-टिंग करत पाणबुडीवर नजर ठेवतं. पाणबुडीचा कप्तान म्हणतो, लांब आहे, काळजी नाही. तेवढ्यात दुसरं जहाज आपलं यंत्र बंद करून अगदी चालीच्या वेगाने तिच्या डोक्यावर सरकतं, लांबच्या जहाजाने इशारा दिला की पिंपं सोडतं. खालच्याला पहिली खबर मिळते ती स्फोटाची. माझे पन्नास सेकंद, माझं सुकाणू, माझा सगळा चौथा नियम काकांनी एका चहात बुडवला.

दुसऱ्या दिवशी माझे साडू पुण्याहून येणार होते. साडू कोणत्याही प्रसंगाला समोरून भिडतात. टोलनाक्यावर, सोसायटीच्या बैठकीत, हॉटेलात पनीरचे तुकडे मोजून. मी त्यांना सूचना पाठवल्या होत्या, त्यावर त्यांचं उत्तर होतं, “मी काय लहान आहे का?” म्हणून मी मेव्हणीच्या फोनवर ताबा घेतला. नगर, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर झालं, राहाता मागे पडलं. “ताई, आता फोन चालूच ठेवा. साकुरी आली की काचा वर.”

साकुरीला मोटरसायकल लागली. फोनमधून तिचा आवाज येत होता, मग काचेवर टकटक. साडूंचा आवाज चढायला लागला, “मी त्याला विचारतोच की—” आणि मेव्हणीने त्यांच्या मांडीवर काहीतरी केलं असावं, कारण वाक्य तिथेच बुडालं. गाडी त्याच वेगात चालत राहिली. मोटरसायकल दमली, मागे पडली, दुसऱ्या एका गाडीकडे वळली. पोरांनी मागच्या सीटवर टाळ्या वाजवल्या. पुढच्या चौकात दुसरी मोटरसायकल दिसली, पण ती बाजूला आलीच नाही. लांबूनच चालत होती. मी म्हणालो, “ती काही करणार नाही, लांब आहे.” शेजारी काका वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

लॉजच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती, गाडी थांबली. साडूंनी काच खाली केली, हवेसाठी. फोनमधून एक म्हातारा, मायाळू आवाज आला, “पुण्याचे का हो? वाटलंच. माझा मुलगा कोथरूडला असतो.”

“कोथरूडला कुठं?” साडूंनी विचारलं.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. मी फोनमध्ये “काच! काच!” असं ओरडत होतो, पण फोन मेव्हणीच्या पर्समध्ये गेला होता आणि आतून फक्त किल्ल्यांचा आवाज येत होता. मग म्हातारबाबा पाण्याबद्दल बोलले, उन्हाबद्दल बोलले, मुलाच्या सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोलले. साडू त्यांना ‘काका’ म्हणू लागले. बऱ्याच वेळाने मंडळी लॉजवर आली ती हातात चार हार, तीन चादरी, पेढ्यांचे डबे, प्रत्येक पोराच्या गळ्यात एकेक लॉकेट आणि बाबांची एक एवढी मोठी फ्रेम घेऊन की ती खोलीच्या दारातून तिरकी न्यावी लागली. साडू घामाघूम आणि आनंदात होते. “तुमच्या त्या पॉलिशवाल्यांना काही मी दाद दिली नाही हं साडूभाऊ,” ते म्हणाले. “एक फार सज्जन गृहस्थ भेटले मात्र.”

काका फ्रेमला हात जोडून बाजूला झाले आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “वॉकर.”

परवा सकाळी काका निघाले. पिशवी खाली ठेवून काउंटरवर आले. मी बिल काढून पुढे सरकवलं. त्यांनी बिल पाहिलं. भिंतीवरचं दरपत्रक पाहिलं. मग बाबांची तसबीर पाहिली आणि तिच्याकडेच पाहत राहिले. घाई नाही, चेहऱ्यावर रागलोभ नाही, तोंडातून शब्द नाही. बाहेर त्यांची रिक्षा उभी होती, तिचीही त्यांना घाई दिसेना. मी रजिस्टरची पानं सारखी केली. पेन टोपणात घातलं, काढलं. शेवटी मीच म्हणालो, “काका, नौदलाच्या लोकांना आपण दहा टक्के सोडतो.” असं आम्ही काही सोडत नाही. काका तसबिरीकडेच बघत होते.

“पंधरा,” मी म्हणालो.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी मान वळवली नाही.

“वीस. आणि चहाचे पैसे आमच्याकडून.”

तेव्हा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटांची गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली, आशीर्वाद दिल्यासारखं हसले आणि पिशवी उचलून निघाले. मी रबर सोडून नोटा मोजल्या. बिलातून वीस टक्के आणि सगळे चहा वजा करून रक्कम अगदी बरोबर होती.